खोळीखालची खोळ

टिंग करून तारेची कडी स्टीलच्या वाटीत पडली आणि मी पक्कड हवेत तशीच धरून मुंगीकडे पाहिलं. ती हलली नाही. फोमच्या गुंडाळीवर, एक पाय भिंतीला लावून, तोंड उघडं टाकून झोपली होती. साडेचार वर्षांची माझी लेक. घरात कुठे साखरेचा कण सांडला तरी सगळ्यांच्या आधी हिला पत्ता लागतो, म्हणून मुंगी. दुपारी ती झोपते तो दीड तास माझा. तेवढ्यात मी जुन्या गाड्यांच्या सिटा उसवते आणि शिवते.

वाटीत रुमाल घालायचं विसरले होते. घातला, आणि सीटची खोळ धरून ठेवणारी पुढची कडी सोडवली.

सीट टेबलावर पालथी पडली होती. पिकअपची सीट म्हणजे बाकच तो, तीन माणसं मांडीला मांडी लावून बसतील एवढा लांब. खिडकीतून ऊन तिरपं येत होतं आणि त्यात धूळ एवढ्या सावकाश तरंगत होती की ती खाली येतेय की वर जातेय ते कळू नये. खोलीभर मेणाचा वास होता. सीट मधवाल्यांची होती. मधवाले म्हणजे सत्तरी ओलांडलेले एक उंच गृहस्थ. मधमाश्यांच्या पेट्या पिकअपच्या हौद्यात घालून त्यांनी तीस वर्षं एका फुलोऱ्याकडून दुसऱ्या फुलोऱ्याकडे नेल्या. आता पेट्या विकल्या, गाडी ठेवली. गाडी घेतली तेव्हाच ती जुनी होती. आता त्यांना ती कारखान्यातून निघाली त्या दिवशी होती तशी करायची होती. "जशी जन्मली तशी," एवढंच ते म्हणायचे, आणि त्यावर कुणी काही बोललं की पुन्हा तेच म्हणायचे.

त्यासाठी त्यांनी मला कंपनीचं जुनं माहितीपत्रक आणून दिलं होतं. चारच पानं, पण मुंगीने त्याचं गोष्टीचं पुस्तक करून टाकलं. ती एकच पिकअप चार रूपांत असायची. स्टँडर्ड, कस्टम, डिलक्स आणि सुपर डिलक्स. स्टँडर्डला जमिनीवर रबराची चटई, उन्हासाठी एकच झडप, आणि डॅशबोर्डवर घड्याळाच्या जागी नुसतं गोल झाकण. कस्टमला पुढे क्रोमची पट्टी. डिलक्सला दोन रंग आणि दाराला कोपर टेकायला छोटी गादी. सुपर डिलक्सला मग काय विचारता. गालिचा, लाकडासारख्या दिसणाऱ्या पट्ट्या, आणि तपकिरी विणलेल्या कापडाची सीट, मधोमध उभ्या शिवणी, कडेला सोनेरी गोट. शिवाय यातली कुठलीही गाडी घेतलीत तरी वर वेगळी पॅकेजं मिळायची. आराम पॅकेज, प्रवास पॅकेज, ओझ्याचं पॅकेज. नुसती सुटी वस्तूही मागता यायची.

मुंगी आता सगळं त्यातच मोजते. खिसा असलेला फ्रॉक डिलक्स. दूध स्टँडर्ड, पण दुधात बिस्किट बुडवलं की आराम पॅकेज. मावशीने हे एकदा ऐकलं आणि माझ्या नवऱ्यादेखत मुंगीला म्हणाली, "तुझ्या आईला नवरा मिळाला तो स्टँडर्ड. हीटर, आरसा, गालिचा सगळं मागनं तिनं बसवलंय." तो बिचारा कपडे वाळत घालत होता. "घड्याळ राहिलं, मावशी," म्हणाला. कारण त्याला उशीर होत नाही असा दिवस नाही.

ही मावशी म्हणजेच माझं माहेर. आई गेली तेव्हा मी चौदा महिन्यांची होते. वडिलांनी पुढे दुसरं घर मांडलं आणि मी मावशीच्या कडेवर मोठी झाले. आईचं माझ्याकडे एकच आहे. रुपयाएवढा पितळी बिल्ला, त्यावर ४१. आई त्याच पिकअपच्या कारखान्यात होती, सिटा शिवायच्या खात्यात. तिथे प्रत्येकीला नंबर असायचा, आणि सीट शिवून झाली की तळाशी आतल्या बाजूला कापडाची पट्टी टाचून त्यावर आपल्या नंबराचा शिक्का मारायचा. पुढे कुणी तक्रार केली तर कुणाचा हात ते कळावं म्हणून.

मावशीने मला लहानपणी सांगितलं होतं की तुझी आई सुपर डिलक्सच्या सिटा शिवायची. सगळ्यांत भारी काम, म्हणून सगळ्यांत चांगला हात लागायचा. आणि ती डावखुरी होती. बाकीच्यांच्या गाठीचं शेपूट उजवीकडे वळतं, तिचं डावीकडे वळायचं.

मी या धंद्यात का आले असं कुणी विचारलं तर मी म्हणते, घरबसल्या होतं म्हणून. पण अकरा वर्षं त्या कंपनीची सुपर डिलक्स सीट हाताखाली आली की मी दार लावून घेते आणि आधी तळाची पट्टी शोधते. १७ सापडला, २३ सापडला, ८ तर दोनदा. पुष्कळ पट्ट्या उंदरांनी खाल्लेल्या. ४१ कधी नाही. सुपर डिलक्सचा एकही तुकडा मी टाकलेला नाही, सगळ्या खोळी घड्या घालून माळ्यावर आहेत. न जाणो, एखाद्या शिवणीत असेल.

मधवाल्यांच्या सीटची पट्टी मी पहिल्याच दिवशी शोधली होती. नव्हती. पण आज शेवटच्या कड्या सुटल्या, तपकिरी कापड उचललं, आणि खाली फोमऐवजी आणखी एक खोळ निघाली.

खोळीवर खोळ चढवणं याला आमच्याकडे आळस म्हणतात. जुनी काढायचा कंटाळा, म्हणून तिच्यावरच नवी ओढायची. म्हणजे कुणीतरी मधेच ही सीट सजवून दिली होती. खालची खोळ राखाडी रेक्झिनची होती. गोट नाही, उभ्या शिवणी नाहीत. स्टँडर्डची खोळ. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा, की चला, पुसायला फडकी झाली.

मी तिची कड उलटली आणि तळाशी पट्टी दिसली. वर दुसरी खोळ असल्यामुळे तिला ना ऊन लागलं होतं ना उंदीर. कापड पांढरं, शाई निळी. ४१.

मी ती पट्टी वाचली नाही, नुसती बघत राहिले. मग गाठी पाहिल्या. एका ओळीत अकरा गाठी, आणि अकराच्या अकरा शेपटं डावीकडे वळलेली, जशी एखाद्या वाऱ्यात गवताची पाती एका बाजूला निजतात.

किती वेळ गेला सांगता येणार नाही. ऊन टेबलाच्या कडेवरून माझ्या पायावर आलं. मला तो कारखाना दिसत होता, मी कधीच न पाहिलेला. वर साखळी सरकतेय आणि साखळीला सिटा टांगलेल्या, एकामागून एक, ढग जावेत तशा आवाज न करता. खाली ओळीने बायका बसल्यात. प्रत्येकीसमोर एक ढग थांबतो, ती चार टाके घालते, गाठ मारते, ढग पुढे जातो. त्यातली एकच डाव्या हाताने दोरा ओढते. तिचा चेहरा काही केल्या माझ्याकडे वळत नव्हता. हात तेवढा दिसत होता. मनगटापर्यंत.

आणि मग मला फडकी आठवली.

अकरा वर्षांत त्या कंपनीच्या स्टँडर्ड सिटा माझ्या हातून किती गेल्या, मी मोजलेल्याही नाहीत. वीस असतील. तीस असतील. त्यांचे तळ मी कधी उलटून पाहिले नाहीत. सुपर डिलक्स जपायचा आणि स्टँडर्ड कापायचा. राखाडी रेक्झिनचे चौकोन करून मी त्यांच्या कापडी पाठीने मशीनचं तेल पुसलं, मुंगीने सांडलेलं दूध पुसलं. माझ्या मांडीवर या क्षणी तसाच एक चौकोन होता.

मी तो उचलून बाजूला ठेवला. कुठे ठेवावा ते कळेना, म्हणून झोपलेल्या मुंगीच्या उशाशी ठेवला.

स्प्रिंगांमध्ये हात घातला तेव्हा घडी घातलेला एक कागदही सापडला. कारखान्यात गाडी बांधताना कुठली वस्तू लावायची याची यादी असायची, ती काम झालं की सीटच्या स्प्रिंगांत खोचून देत. वर छापलेलं होतं, स्टँडर्ड. खाली चाळीसेक वस्तूंच्या ओळी आणि समोर रिकामे चौकोन. फुली एकाच चौकोनात. घड्याळ.

मला तो पहिला मालक एकदम आवडला. ना गालिचा, ना दोन रंग, ना कोपराला गादी. सगळ्यांत साधी गाडी द्या, पण घड्याळ तेवढं बसवा. कुणाला तरी कुठेतरी वेळेवर पोचायचं असणार.

चार वाजता मावशी आली. ती दोन गल्ल्या सोडून राहते आणि मुंगी उठायच्या वेळेला येतेच. मी कड उलटून दाखवली. तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला, पट्टी पाहिली, गाठींवरून बोट फिरवलं, आणि मशीनपुढच्या स्टुलावर बसली. मी विचारलं की ही तर स्टँडर्डची, मग आई स्टँडर्डच्या सिटाही शिवायची का?

"स्टँडर्डच्याच शिवायची," मावशी म्हणाली.

मग तिने सांगितलं. मी पहिलीत असताना वर्गातल्या कुणीतरी विचारलं होतं की तुझी आई काय करायची, आणि मी घरी येऊन तोच प्रश्न मावशीला केला होता. सिटा शिवायची म्हटल्यावर मी विचारलं, चांगल्या शिवायची का? तेव्हा कंपनीची जाहिरात रस्त्यात मोठ्या फळीवर लागलेली होती, तपकिरी सीट, सोनेरी गोट. मावशीने त्या फळीकडे बोट केलं. ही शिवायची, म्हणाली.

"तुझं तोंड असं खुललं," मावशी म्हणाली. "मग मागं घ्यायचं तरी कसं? तुझ्या नवऱ्याला तू वस्तू बसवल्यास. तुझ्या आईला मी बसवल्या."

मला रागवायचं होतं. माळ्यावरच्या घड्या, फेकलेले चौकोन, सगळं ओठांवर आलं होतं. पण ती चष्म्याची काडी पदराने पुसत होती, एकच काडी, पुन्हा पुन्हा. मग मी चहा ठेवायला उठले.

चहा पिताना तिने हळूच म्हटलं की ठेवून घे. त्या मधवाल्याला नवी तपकिरी खोळ हवी आहे ना? शिवून दे. जुनं कापड टाकून द्या असं तोच म्हणाला होता. त्याला खाली दुसरी खोळ होती हेच माहीत नाही. "कुणाच्या ताटातलं ओढत नाहीस तू," ती म्हणाली. "तुझ्या आईचं आहे."

हे तिच्या आधीच माझं मनात म्हणून झालं होतं. कात्री हाताशी होती. वीस मिनिटांचं काम. मात्र तो कागदही मग लपवावा लागला असता, कारण मधवाल्यांनी 'जशी जन्मली तशी' म्हटलं होतं, आणि कशी जन्मली ते त्यावर लिहिलेलं होतं. मी सांगितलं तर त्यांना राखाडी खोळच हवी होणार आणि आईचा हात गाडीबरोबर जाणार. नाही सांगितलं तर तो माझ्या घरात राहणार. एवढंच होतं. फार वळणं नव्हती त्यात.

मी खोळ कापली नाही, कागदही हलवला नाही. सीटवर चादर घातली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मधवाले आले ते हातात रुमालाची पुरचुंडी घेऊन. दोन वर्षं शोधून त्यांना एक वस्तू मिळाली होती. मुंगीने पुरचुंडी सोडली. आत तिरप्या अक्षरांतला क्रोमचा बिल्ला होता, सुपर डिलक्स, दाराच्या खालच्या बाजूला लावायचा. मूळचा कधीतरी पडून गेला असणार, असं ते म्हणाले. ते तो अंगठ्याने चकाकवत होते, आणि मुंगी त्यात आपला वाकडा चेहरा बघून हसत होती. मला रस्त्यातली ती फळी दिसली, आणि तिच्याकडे रोखलेलं मावशीचं बोट.

मी चादर काढली. कागद त्यांच्या हातात दिला.

त्यांनी तो लांब धरून वाचला. एकदा, आणि मग पुन्हा वरपासून. मला वाटलं आता बसतील कुठेतरी, म्हणून स्टूल पुढे केलं. पण त्यांच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत थांबेना.

"तीस वर्षं हिला अहोजाहो केलं," ते म्हणाले, "आणि निघाली आपल्यातलीच."

मग सुपर डिलक्सचा बिल्ला त्यांनी मुंगीच्या तळहातावर ठेवला आणि तिची बोटं वर मिटली. म्हणाले की आता ही खोळच बसवायची. क्रोमच्या पट्ट्या उतरवू, गालिचा काढू, रबराची चटई शोधू. घड्याळ तेवढं चालू करून घेऊ, कारण तिच्या पहिल्या माणसाने तेवढंच मागितलं होतं.

तेव्हा मी त्यांना पट्टी दाखवली, आणि ड्रॉवरमधून माझा पितळी बिल्ला काढून शेजारी ठेवला. कुणाचा ते सांगितलं. मी का सांगितलं ते मला माहीत होतं. ते "ठेव तुलाच, पोरी" म्हणतील म्हणून सांगितलं.

ते म्हणाले नाहीत. त्यांनी दोन्ही ४१ कडे आळीपाळीने पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली. मग खोळीवर एका जागी बोट ठेवलं. चालवणाऱ्याच्या बाजूला वीतभर शिवण उसवली होती. "ही तूच शिव," ते म्हणाले. "दुसऱ्याच्या हाती नाही द्यायचो मी." आणि जाताना दारात थांबून, अगदी खालच्या आवाजात, "तीस वर्षं माझी पाठ धरली हिनं. मला तरी कुठं माहीत होतं?"

त्यांचंही बरोबर होतं.

शिवण घालायची तर कुजलेला दोरा काढावा लागतो, आणि दोरा काढायचा तर गाठ सोडावी लागते. त्या दुपारी मुंगी झोपली नाही. टेबलाला हनुवटी लावून बघत बसली. या गाठी तुझ्या आजीच्या, माझ्या आईच्या, असं मी तिला सांगितलं. मी दाभणाच्या टोकाने पहिली गाठ सैल केली. वाटलं होतं कापावी लागेल, पण ती सहज सुटली, जणू कुणी हात हातात देऊन ठेवला होता तो काढून घेतला. तीन गाठी सोडल्या. दोऱ्याचे तीन वाकडे तुकडे मी वाटीत ठेवले. उरलेल्या आठांना हात लावला नाही. मग नवा दोरा ओवला आणि आईच्या टाक्यांच्या भोकांतूनच टाके घातले. तिच्या भोकांमधलं अंतर माझ्या हाताला अगदी बसत होतं. शेवटच्या गाठीला मी दोरा डाव्या हातात घेऊन पाहिला. जमेना. हट्ट सोडला आणि माझ्यासारखीच मारली. शेपूट उजवीकडे गेलं. आठ एकीकडे, तीन दुसरीकडे.

शनिवारी गाडी दारात आली. पट्ट्या उतरलेली, एकरंगी, लाजल्यासारखी. मावशीही आली होती. मधवाल्यांनी आणि माझ्या नवऱ्याने सीट दोन्ही बाजूंनी धरून आत सरकवली, बोल्ट आवळले, आणि कुणी काही म्हणायच्या आत मुंगी चढून मधोमध बसली. तिने सीटवर दोन्ही हात पसरून थापट्या मारल्या. मावशी खाली उभी राहून तिला उतर म्हणाली, मग स्वतःच चढली आणि तिच्या शेजारी बसली. त्या लांब राखाडी सीटवर दोघी समोरच्या काचेतून बघत राहिल्या, दूरच्या प्रवासाला निघाल्यासारख्या. डॅशबोर्डवर घड्याळ चालत होतं. नवरा वाकून त्यात वेळ बघून म्हणाला, "बापरे," आणि कामावर पळाला.

दोघी उतरल्या, मधवाले बसले आणि गाडी वळली. हौद्यात पेट्या नव्हत्या, तरी मेणाचा वास मागे रेंगाळला. मुंगी एका हाताने टाटा करत होती. दुसऱ्या हाताच्या मुठीत तिचा बिल्ला होता. वळणापलीकडे आवाज संपला तरी तिचा हात हलतच होता.

मग तो खाली आला आणि माझ्या बोटाला लागला. मला वाटलं खाऊ मागेल. तिने माझा उजवा हात उलटा केला, तळवा पाहिला, मग बोटांची टोकं, एकेक करून, काही शोधत असल्यासारखी.

"आई," ती म्हणाली, "तू गाठ सोडलीस ते आजीला कळलं का?"